तंबोऱ्याच्या घरातली शांतता

दस्तगीर शिकलगारच्या डोक्यात एक शिट्टी होती. बारीक, सरळ, श्वास घ्यायलाही न थांबणारी. ती नेमकी कधी सुरू झाली हे त्याला सांगता येत नसे. आधी वाटलं, गल्लीत कुणाचा तरी पंप चालू राहिलाय. मग वाटलं, भोपळे कापायच्या मशीनचा आवाज कानात बसलाय, उतरेल चार दिवसांत. तो काही उतरला नाही. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे त्याने पायऱ्याही भरपूर झिजवल्या. थेंब घातले, लसणाचं कोमट तेल घातलं, दर्ग्यात जाऊन गंडा बांधून घेतला. सगळ्यांनी शेवटी एकच सांगितलं, सवय करून घ्या.

सवय झाली ती घरातल्या माणसांना, आणि तीही शिट्टीची नव्हे, दस्तगीरच्या रागाची. मुलगी लग्न होऊन बेळगावला गेली. मागे उरली जैबुन, त्याची बायको. ती भांडी घासायची तीसुद्धा चोरून घासल्यासारखी.

धंदा तंबोऱ्यांचा. आजा करत होता, बाप करत होता, म्हणून हाही करत होता. आता फोनमध्ये तंबोरा वाजतो आणि तो गाणाऱ्याचा सूर ओळखून स्वतःच स्वतःला लावून घेतो. पण काही गाणाऱ्यांचे कान अजून शाबूत होते, त्यांच्या जिवावर गल्लीतली तीन-चार दुकानं तग धरून होती. त्यात दस्तगीरचं नाव होतं ते जवारीसाठी.

जवारी म्हणजे काय, ते सांगायला हवं. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची घोडी कानशीने घासून तिला अगदी अदमासाचा उतार द्यायचा. उतार साधला की तार टेकता टेकता सुटते, सुटता सुटता टेकते, आणि एका तारेतून झंकारांचं मोहोळ उठतं. कुणी न छेडलेला गंधार त्यातून आपोआप ऐकू येतो. उतार हुकला तर तार नुसती टण् करते. उतार देऊन झाला की तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे केला की झंकार खुलतो नाहीतर मिटतो.

या घरातली रीत अशी, की घासणं पुरुषांचं आणि दोरा बायकांचा. दोरा लावून झाला की नवा तंबोरा मुका ठेवायचा नाही. लाकूड रुसतं, असं दस्तगीरचा आजा म्हणायचा. म्हणून घरातल्या बाईने हातातलं काम उरकलं की आतल्या खोलीत बसून त्याच्या तारांवरून बोटं फिरवत राहायचं. लग्न होऊन आल्यापासून जैबुन हे करत आली होती. त्या घरात तंबोरा थांबलेला दिवस कुणाला आठवत नव्हता.

एका सकाळी जैबुनच्या हातून पातेल्याचं झाकण पडलं. दस्तगीर एवढा ओरडला की समोरचे लोक दारात आले. तिने झाकण उचलून जागेवर ठेवलं, चुलीवरचं उतरवलं आणि डोक्यावर ओढणी घेऊन दारात उभी राहिली.

"चला," ती म्हणाली. "स्टेशनाजवळ नवी डॉक्टरीण आलीया. कानाची. चपला घाला."

इतक्या वर्षांत तिने त्याला हुकूम सोडल्याची ही पहिलीच वेळ होती. दस्तगीरने मुकाट्याने चपला घातल्या.

डॉक्टर पौर्णिमा खोत वयाने त्यांच्या मुलीएवढी होती. तिने कान तपासले, डोक्याला तारा लावून पडद्यावरच्या रेघा पाहिल्या आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

"चाचा, शिट्टी तुमच्या कानात नाहीच आहे."

"मग काय तुमच्या कानात हाय?"

"मेंदूत आहे." ती हसली. "कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. प्रत्येकीकडे आपापला सूर. मशीनच्या आवाजानं आणि वयानं तुमच्या वरच्या सुरांच्या काही पेशी गेल्या. आता तिकडून मेंदूला बातमीच येत नाही. आणि मेंदूला गप्प बसलेला माणूस चालत नाही. तो ऐकण्याची ताकद वाढवत जातो. रेडिओवर स्टेशन लागत नसलं की आपण बटण पिळत बसतो आणि नुसती खरखर मोठी होते ना, तसं."

दस्तगीरने थोडा विचार केला. "म्हंजे मीच वाजवतोय?"

"तुम्हीच वाजवताय आणि तुम्हीच ऐकताय."

"आणि तिकीट आमच्याकडून," जैबुन भिंतीकडे बघत म्हणाली.

इलाज होता. डॉक्टरने एक टोपी काढून दाखवली. मऊ पट्ट्यांची, आत नाण्याएवढ्या चकत्या. काही चकत्या मेंदूतल्या विजेची हालचाल टिपायच्या, काही चुंबकाचे हलके झटके द्यायच्या, तेही बाहेरूनच. सोबत हेडफोन, आणि त्यातून सुटे सुटे सूर. शिट्टी वाजवणाऱ्या पेशी सगळ्या एका तालात नाचत असतात, डॉक्टर म्हणाली. टोपी तो ताल ओळखते आणि नेमक्या क्षणी एक सूर आणि एक झटका देऊन तो मोडते. रोज मोडत गेलं की मेंदू शिकतो, हा आवाज बिनकामाचा आहे, याची दखल घ्यायची नाही. पूर्वी या इलाजाने थोडाफार फरक पडायचा. कुणाला पडायचा, कुणाला नाही. आता टोपी मेंदूचं ऐकून त्याच क्षणी उत्तर देऊ लागली होती, त्यामुळे गुण येऊ लागला होता.

"सुई न्हाई? चिरफाड न्हाई?"

"काही नाही. घरीच बसायचं. मी इथून बघत राहीन. इलाज चालू असेपर्यंत बारीक कानाचं काम बंद. आणि एकच अट. त्या वेळी खोलीत पूर्ण शांतता पाहिजे."

"ती आमच्यात असतीयाच," दस्तगीर म्हणाला. जैबुननेही मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की दस्तगीर बाहेरच्या खोलीत टोपी घालून बसू लागला. डॉक्टरचा फोन यायचा. ती रोज तेच विचारायची.

"चाचा, शांतता आहे ना?"

दस्तगीर कान द्यायचा. गल्लीत बॅटरीवरच्या रिक्षा आवाज न करता जात. शेजाऱ्यांचा टीव्ही बंद. आत जैबुन आधी तयार झालेल्या तंबोऱ्यावर बोटं फिरवत असायची.

"एकदम शांतता हाय," तो मनापासून सांगायचा.

पी हळद नि हो गोरी असं काही झालं नाही. पहिल्यांदा तर शिट्टी चिडल्यासारखी वाढली. मग ती मध्येच अडखळू लागली. मग एका दुपारी टोपी काढल्यावर दस्तगीर तसाच बसून राहिला, आणि बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं, की आपण कशाची तरी वाट बघतोय आणि ते येत नाहीये. शिट्टी नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. शिट्टीमागे किती काय दडून बसलं होतं ते त्याला आता कळत होतं. चहा उकळून वर येताना होणारा आवाज. जैबुनच्या बांगड्या. जैबुन कणीक मळताना स्वतःशी पुटपुटते, हे त्याला नव्याने समजलं. तो चहाचा कप घेऊन तिच्याजवळ जाऊन बसू लागला. आमटी खारट झाली तरी दोनदा घेतली.

"तब्येत बरी हाय न्हवं?" जैबुनने संशयाने विचारलं.

"का?"

"न्हाई, भांडला न्हाईसा आज. आणि काल पण."

त्या दोघांनी कितीतरी वर्षांनी एकत्र हसून घेतलं. त्या संध्याकाळी जैबुनने मुलीला फोन करून सांगितलं, तुझा बाप परत आलाय. कुठं गेले होते, असं मुलीने विचारलं, तर जैबुन म्हणाली, इथंच होते.

डॉक्टरने बारीक काम करायला मोकळीक दिली, त्याच सुमाराला सांगलीच्या मंदाकिनीबाई घैसासांच्या तंबोऱ्याची वेळ येऊन ठेपली. मंदाकिनीबाई जुन्या गवई. त्यांच्याकडे आधीची एक जोडी दस्तगीरनेच केलेली होती. आता त्यांना शिष्येसाठी एक तंबोरा हवा होता. मुलगी परदेशी चालली होती आणि जाताना तिच्यासोबत लाकडाचा तंबोराच जाणार, फोनमधला नाही, असा बाईंचा हट्ट होता. भोपळा, दांडी, खुंट्या सगळं तयार होतं. जवारी तेवढी राहिली होती.

दस्तगीर आंघोळ करून बसला. नवी घोडी घेतली, कानस फिरवली, तारा चढवल्या, छेडल्या. टण्. त्याने पुन्हा घासलं. टण्. उतार जास्त झाला असेल म्हणून दुसरी घोडी घेतली. तिसरी घेतली. तार वाजत होती, सूर बरोबर होता, पण तारेतून काही उठत नव्हतं. पत्र्याच्या डब्यावर चमचा मारावा तसं. शेवटी त्याने भिंतीवरचा बापाचा तंबोरा काढला. त्या तंबोऱ्याची जवारी त्याला स्वतःच्या नावाइतकी पाठ होती. त्याने खर्जाची तार छेडली आणि गंधाराची वाट बघत बसला.

"जैबुन," त्याने हाक मारली. "बाबांचा तंबोरा कसा बोलतोय?"

जैबुन ओढणीला हात पुसत आली. तिने चारही तारा छेडल्या, ऐकलं. "जसा बोलायचा तसा. का वो?"

दस्तगीरला ऐकू आल्या होत्या त्या चार तारा, एकामागे एक, कोरड्या. बाकी काही नाही.

डॉक्टरने पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या. कान होते तसेच होते, उलट बोलणं पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येत होतं. ती कोड्यात पडली. पडद्यावर जुन्या रेघा काढून ती बराच वेळ बघत बसली आणि मग तिने विचारलं, "चाचा, टोपी घालून बसायचात तेव्हा खोलीत कुणी असायचं?"

"कुणी न्हाई."

"शेजारच्या खोलीत?"

"जैबुन."

"त्या काय करत असायच्या?"

"ती काय करणार? तंबोरा वाजवत बसायची."

डॉक्टरने पडद्यावरची नजर काढली. "चाचा, मी तुम्हाला रोज विचारत होते. शांतता आहे ना म्हणून."

"होतीच की."

"तंबोरा वाजत होता."

दस्तगीरला खरोखरच कळेना, ही बाई काय म्हणतेय. त्याने जैबुनकडे पाहिलं. तिलाही कळलेलं दिसलं नाही.

"अवो ताई," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "तंबोरा म्हंजे काय आवाज हाय का?"

डॉक्टरने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. ती हसतेय की काय, असं दस्तगीरला वाटलं, पण ती हसत नव्हती.

मग तिने नीट सांगितलं. आपल्याकडे घराघरांत पंखे असतात, फ्रीज असतात, त्यामुळे पूर्ण शांतता कुठेच मिळत नाही. म्हणून टोपी बनवणाऱ्यांनी तिला शिकवून ठेवलंय, की अखंड चालणारा एकसुरी आवाज वजा करायचा. तुमचा तंबोरा तिला पंखा वाटला. तिने तो वजा केला, आणि रोज शिट्टी मोडताना तुमच्या मेंदूलाही तेच शिकवलं. शिट्टी आणि तंबोऱ्याचा झंकार, दोन्ही कुणी न वाजवता येणारे आवाज, दोन्ही अखंड, दोन्ही एकाच वेळी कानावर. मेंदूने दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकली.

"यंत्र करणाऱ्यांनी पंख्याचा विचार केला, तंबोऱ्याचा केला नाही," ती म्हणाली. "आणि मी मिरजेत राहून केला नाही. चूक माझी आहे, चाचा."

"गाठोडं सोडता येतंय?"

"येतं. टोपी उलट चालवता येते. पण त्यातलं एकच काढता येणार नाही. झंकार आला तर शिट्टीही येईल. नंतर पुन्हा शिट्टी घालवायला मी धजावणार नाही."

दस्तगीरने क्षणभरही विचार केला नाही. "सोडा," तो म्हणाला.

जैबुन त्याच्या शेजारीच बसली होती. तिने मान वर केली नाही. येत्या शुक्रवारी दुपारी पहिली बैठक ठरली.

घरी जाताना रिक्षात ती म्हणाली, "मी वाजवत बसले म्हणून झालं."

यावर त्याने, तुझी काय चूक, असं म्हणायला हवं होतं. एवढे दिवस गोड झालेल्या माणसाला ते जड नव्हतं. पण त्याच्या डोक्यात बापाचा तंबोरा होता.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. घरी पोचतात न पोचतात तोच मंदाकिनीबाईंचा फोन. शिष्येच्या विमानाची तारीख अलीकडे ओढली गेली होती, त्या दोघी उद्याच तंबोरा न्यायला येत होत्या. दस्तगीर कानस हातात घेऊन घोडीसमोर बसून राहिला. बाईंना काय सांगावं? ताप आलाय म्हणावं? भोपळा तडकला म्हणावं?

जैबुन समोर येऊन बसली आणि तिने तंबोरा स्वतःच्या मांडीवर ओढला.

"तुम्ही घासा. मी सांगते."

"जवारी म्हंजे चटणी वाटणं न्हवं, जैबुन."

"घासा की."

तो घासू लागला. ती छेडून बघायची आणि सांगायची. खर्जाला अजून. पुढच्या कडेला नको, मागं. आता थांबा. थांबा म्हणतेय न्हवं. ती एकदाही अडखळली नाही. एकदा तर तिने त्याच्या हातून कानस काढून घेतली, अंगठ्याने घोडीचा उतार चाचपला आणि स्वतःच दोन हात फिरवले. कानस धरायची तिची पद्धत दस्तगीरने बघितली. नवख्या माणसाचा हात तसा फिरत नाही.

"तुला हे कधीपासून येतंय?"

जैबुनने दोरा सरकवला, ऐकलं, केसभर मागे घेतला.

"शिट्टी लागली तवापासून तुमची जवारी कर्कश यायला लागली," ती म्हणाली. "शिट्टीच्या वरनं ऐकू यावं म्हणून तुम्ही जास्त उघडी ठेवत होता. दोऱ्यानं जमेल तेवढं मी दोऱ्यानं बसवत होते. न जमलं तर तुम्ही नमाजाला गेल्यावर कानस फिरवत होते."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"आणि मला सांगितलं न्हाईस."

जैबुनने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. "झाकण पडलं तर गल्ली गोळा होत हुती. हे सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

त्याला राग यायला हवा होता, आणि जुना दस्तगीर असता तर तो आलाही असता. आता आली ती लाज. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण त्याने दुसऱ्यांवर पुष्कळदा मारली होती.

मंदाकिनीबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या. सोबत शिष्या, लांब बोटांची, अबोल मुलगी. बाईंनी तंबोरा मांडीवर घेतला नाही, शिष्येच्या हातात दिला आणि स्वतः भिंतीला टेकून डोळे मिटले. मुलगी छेडू लागली. दस्तगीरच्या कानावर आल्या त्या कोरड्या चार तारा, फिरून फिरून त्याच. म्हणून तो बाईंचा चेहरा बघत राहिला. चौथ्या-पाचव्या फेरीला बाईंच्या कपाळावरची आठी हळूहळू विरली आणि ओठ किंचित उघडले. मुलीची बोटं क्षणभर सावकाश झाली. दारातल्या जैबुनने मान जराशी कलती केली. तिघींना एकदम गंधार भेटला होता, हे दस्तगीरने नुसतं पाहिलं. बापाने पहिल्यांदा तो गंधार ऐकवला तेव्हा तो बापाच्या मांडीवर बसलेला होता.

"दस्तगीरभाई," बाई डोळे न उघडताच म्हणाल्या, "माझ्याकडच्या जोडीची ही सख्खी बहीण. दुसऱ्या कुणाचा हात असता तर मी दारातच ओळखलं असतं."

दस्तगीरने मनात हिशेब केला. ती जोडी दिली तेव्हा शिट्टी लागून दोन-तीन वर्षं झाली होती.

खरं म्हणजे गप्प राहणं सोपं होतं. बाई खूश, शिष्या खूश, आणि शुक्रवारनंतर गंधारही परत येणार होता. त्याने घसा साफ केला.

"बाई, लाकूड माझं हाय. भोपळा माझा हाय. ही जवारी हिची हाय. आणि तुमच्या जोडीची पण हिचीच."

जैबुन चहा टाकायला म्हणून लगबगीने आत वळली.

"चहा राहू दे," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे उघडले होते. "तुम्ही इकडे या. इथं माझ्याजवळ बसा."

जैबुन आली, सतरंजीच्या कडेला टेकली. बाईंनी तिचा हात हातात घेऊन बोटांची टोकं बघितली. तारांनी आणि कानशीने टणक झालेली ती बोटं दस्तगीरने याआधी इतकी निरखून पाहिली नव्हती.

शुक्रवार आला. नमाजाहून येऊन तो जेवला आणि बाहेरच्या खोलीत टोपी घालून बसला. आज चूक होऊ नये म्हणून जैबुनने सकाळपासून चंग बांधला होता. तिने तंबोऱ्यावर चादर टाकली, फ्रीजचं बटण बंद केलं, पंखा बंद केला, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर रिकामे हात मांडीवर ठेवून बसली. श्वाससुद्धा बेताने घेत होती.

दस्तगीरने कान दिला. डोक्यात शिट्टी नव्हती. घरात तंबोरा नव्हता. जन्मापासून या घरात राहून त्याने असलं काही ऐकलं नव्हतं. घर पोरकं झाल्यासारखं वाटत होतं. त्या पोकळीत बसल्यावर त्याला समजलं, की आपण आयुष्यभर ज्याला शांतता म्हणत आलो ती ही नव्हे. ती कुणीतरी करत होतं. स्वयंपाक उरकून, भांडी आवरून, पाठ दुखत असताना, तो ओरडून गेल्यावरसुद्धा.

आणि आता शिट्टी परत येणार होती. तिच्याबरोबर गंधार येणार होता हे खरं, बापाने दिलेला गंधार. पण शिट्टीबरोबर तो माणूसही येणार होता, ज्याच्या घरात झाकण पडायची चोरी. आणि तो जी जवारी काढायचा, ती मागून दुसऱ्या कुणाला तरी चोरून सुधारावी लागायची.

फोन वाजला.

"चाचा, टोपी बसलीय नीट. दिसतंय मला. तयार ना?"

"ताई, एक मिनिट." त्याने आत तोंड केलं. "जैबुन, तंबोरा घे."

"काय म्हणता? ताईंनी न्हाई सांगितलंय."

"घे म्हणतोय. चादर काढ."

मग चादर सरकल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या, आणि तारा. प, सा, सा, खर्ज. प, सा, सा, खर्ज. त्यातून काही उठलं नाही, आणि आता उठणारही नव्हतं. दस्तगीरचे डोळे भरून आले. तरी तो ऐकत राहिला. चार तारांमागची बोटं, खर्जाच्या तारेवर किंचित थांबायची त्यांची खोड, मध्येच दोरा सरकवताना घेतलेली विश्रांती. हे सगळं इतकी वर्षं त्याच्या कानांवर पडत होतं.

"चाचा?" फोनवर डॉक्टर विचारत होती. "मी सुरू करतेय. शांतता आहे ना?"

"न्हाई ताई," दस्तगीर म्हणाला. "माझी बायको काम करतीया."

त्याने टोपी काढून फोनशेजारी ठेवली, कानस घेतली आणि तो आत जाऊन तिच्यासमोर बसला.